मागच्या ॲक्सलमधला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल: आधी ओळख, मग तपासणी, मग तेल

वळताना दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी ॲक्सलमधली गिअरांची रचना म्हणजे डिफरन्शियल, आणि एक चाक घसरू लागले तर दुसऱ्यालाही जोर देणारा त्याचा प्रकार म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, थोडक्यात एलएसडी. तो असलेल्या गाड्यांच्या मालकांकडून दोन तक्रारी वारंवार ऐकू येतात. पहिली म्हणजे चिखलात एक चाक जागेवर फिरत राहिले आणि एलएसडीचा काही उपयोग झाला नाही. दुसरी म्हणजे डिफरन्शियलचे तेल बदलून आणल्यापासून वळणावर मागून कडकड आवाज येऊ लागला. दोन्ही तक्रारींच्या मुळाशी बहुधा एकच चूक असते: आपल्या ॲक्सलमध्ये नेमका कोणत्या प्रकारचा एलएसडी आहे हे न पाहता त्याची चाचणी घेतली जाते, त्यात तेल ओतले जाते आणि त्याच्या भरवशावर गाडी चिखलात घातली जाते. प्रकार बदलला की चाचणी बदलते, तेल बदलते आणि ॲक्सिलरेटर दाबण्याची पद्धतही बदलते. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत आणि पहिला टप्पा पूर्ण झाल्याशिवाय पान्याला हात लावू नये.

हिशेब आधी समजून घ्या

एक चाक घसरू लागले की इंजिनाचा सगळा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, त्या चाकाकडे जातो, असे सर्रास सांगितले जाते. साध्या, म्हणजे ओपन डिफरन्शियलच्या बाबतीत ते खरे नाही. ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना कायम सारखाच टॉर्क देतो. घसरणाऱ्या चाकाला जास्त मिळतो तो वेग. डावे चाक चिखलात असून तिथे ते १०० न्यूटन-मीटरपेक्षा जास्त टॉर्क पेलू शकत नसेल, तर उजवे चाक कोरड्या खडकावर असले तरी त्यालाही १०० न्यूटन-मीटरच मिळतात. दोन्ही मिळून २०० न्यूटन-मीटर होतात, आणि तेवढ्यात गाडी निघत नसेल तर ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी ती निघत नाही.

एलएसडी ही समानता मोडतो. पकड असलेल्या चाकाला घसरणाऱ्या चाकाच्या तिप्पट टॉर्क देऊ शकणारा एलएसडी असेल, तर त्याच परिस्थितीत उजव्या चाकाला ३०० आणि एकूण ४०० न्यूटन-मीटर मिळतात. या पटीला टॉर्क बायस रेशो म्हणतात. डावे चाक हवेत लटकले असेल आणि त्याला शून्य टॉर्क लागत असेल, तर शून्याची तिप्पटही शून्यच होते, हे मात्र विसरू नये. चिखलात एलएसडी चालला नाही या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा याच गणितात असते.

टप्पा १: आपल्या ॲक्सलमध्ये काय आहे ते ठरवा

गाडीचे ओनर्स मॅन्युअल उघडून तेलांचा तक्ता पाहा. मागच्या ॲक्सलसाठी वेगळे तेल किंवा फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटा न चिकटता घसराव्यात म्हणून तेलात मिसळायचे द्रव्य) सांगितले असेल, तर तो प्लेटांचा एलएसडी असण्याची शक्यता दाट असते. त्यानंतर ॲक्सलच्या हौसिंगवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, लावलेली धातूची पट्टी किंवा फिलर प्लगजवळचा (तेल भरण्याच्या भोकाच्या बुचाजवळचा) स्टिकर पाहा. एकाच मॉडेलच्या एका व्हेरियंटमध्ये एलएसडी असतो आणि दुसऱ्यात नसतो, त्यामुळे ‘या गाडीला असतोच’ हे शेजाऱ्याचे म्हणणे पुरावा म्हणून धरू नये. जुनी गाडी घेणाऱ्याने तर आधीच्या मालकाने ॲक्सल बदलला आहे का, हेही विचारून घ्यावे.

आपल्याकडे आढळणारे मुख्य प्रकार असे आहेत.

प्लेटांचा एलएसडी. यात घर्षण-प्लेटांचे दोन गठ्ठे असतात. एक सोडून एक प्लेट साइड गिअरला (चाकाचा शाफ्ट फिरवणाऱ्या गिअरला) आणि उरलेल्या प्लेटा डिफरन्शियलच्या केसला, म्हणजे फिरत्या कवचाला, खाचांनी जोडलेल्या असतात. स्प्रिंग त्यांना कायम थोड्या दाबून ठेवते, त्याला प्रीलोड म्हणतात; टॉर्क वाढला की दाबही वाढतो. प्रीलोडमुळे एक चाक हवेत असले तरी दुसऱ्याला थोडा टॉर्क मिळतोच. या प्लेटा झिजतात आणि तेलाच्या बाबतीत हाच प्रकार सर्वांत नाजूक आहे. टाटा सफारी स्टॉर्म आणि झेनॉन यांच्या काही व्हेरियंटमध्ये मागच्या ॲक्सलला एलएसडी मिळत असे. अशी जुनी गाडी घेणाऱ्यांनी हा लेख विशेष लक्षपूर्वक वाचावा.

हेलिकल गिअरचा एलएसडी. टॉर्सेन आणि क्वेफ ही यातली परिचित नावे. यात घर्षण-प्लेटांचे गठ्ठे नसतात. तिरक्या दातांचे गिअर एकमेकांवर आणि केसवर दाबले जाऊन टॉर्कची विभागणी बदलतात. झीज कमी आणि आवाजही कमी, पण चाक हवेत गेले की वर सांगितलेले शून्याचे गणित याला पुरेपूर लागू पडते.

मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल. महिंद्रा थारच्या काही व्हेरियंटमध्ये आणि बोलेरो निओच्या एन१० (ओ) व्हेरियंटमध्ये ईटन कंपनीचा हा प्रकार मिळतो. याला अनेक जण एलएसडी म्हणतात, पण त्याचे काम वेगळ्या पद्धतीने चालते. दोन चाकांच्या वेगातील फरक मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांपर्यंत पोहोचला की आतली फिरती वजने बाहेर फेकली जातात, खटका अडकतो आणि दोन्ही चाके एकमेकांना पूर्ण जखडली जातात. तोवर तो ओपन डिफरन्शियलसारखाच वागतो.

ब्रेकवर चालणारी प्रणाली. मारुती सुझुकी जिम्नीतील ब्रेक एलएसडी या गटात येतो. घसरणाऱ्या चाकाला गाडीची संगणक-प्रणाली ब्रेक लावते, त्यामुळे दुसऱ्या चाकाला टॉर्क मिळतो. इथे ॲक्सलमध्ये ओपन डिफरन्शियलच असतो, म्हणून पुढची हाताने करायची चाचणी आणि एलएसडीचे तेल या दोन्ही गोष्टी या गाड्यांना लागू नाहीत.

चालकाने लावायचा डिफ-लॉक. फोर्स गुरखाला पुढे आणि मागे, तर टोयोटा हायलक्सला मागे असा लॉक मिळतो. हा एलएसडी नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो लावून वळू नये.

पडताळणी: मॅन्युअल, ॲक्सलवरची पट्टी आणि व्हेरियंटचे नाव, या तिन्हींतून किमान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. जुळत नसतील तर चॅसिस नंबर देऊन अधिकृत पार्ट काउंटरवर विचारावे. तिथे ॲक्सलचा पार्ट नंबर मिळतो.

टप्पा २: टायर आधी, डिफरन्शियल नंतर

हा टप्पा बहुतेक जण वगळतात, आणि नव्या प्लेटा लवकर जळण्याचे एक मोठे कारण इथेच असते. मागच्या दोन्ही टायरांचा आकार, बनावट, हवा आणि झीज सारखी असायला हवी. समजा, ७५० मिलिमीटर व्यासाच्या नव्या टायरवर ८ मिलिमीटर नक्षी आहे आणि दुसऱ्या बाजूच्या जुन्या टायरवर २ मिलिमीटर उरली आहे. व्यासातला फरक १२ मिलिमीटर होतो. त्यामुळे सरळ रस्त्यावरही जुने चाक दर किलोमीटरला जवळजवळ सात फेऱ्या जास्त फिरते. साध्या डिफरन्शियलला याचे फारसे काही वाटत नाही. प्लेटांच्या एलएसडीत मात्र पुण्याहून कोल्हापूरला जाईपर्यंत प्लेटा एकमेकींवर सतत घासत आणि तापत राहतात.

म्हणून एक टायर फुटला की दोन्ही बदलावेत. वेगळ्या मापाची स्टेपनी मागच्या एलएसडी असलेल्या ॲक्सलला लावू नये. मागचे चाक पंक्चर झाले, तर पुढचे चांगले चाक मागे आणून स्टेपनी पुढे लावावी, तीही फोर-व्हील ड्राइव्ह न लावता आणि जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच.

टप्पा ३: दोन्ही चाके उचलून हाताने चाचणी

इशारा: एलएसडी असलेल्या गाडीचे एकच मागचे चाक जॅकवर उचलून, इंजिन चालू ठेवून गिअर टाकू नये. ओपन डिफरन्शियलमध्ये उचललेले चाक नुसते फिरते. इथे जमिनीवरच्या चाकालाही टॉर्क मिळतो आणि गाडी जॅकवरून झेपावते. चाक गाडीवरच ठेवून बॅलन्सिंग करणाऱ्या दुकानात हे आधी सांगून ठेवावे.

१. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर उभी करा. इंजिन बंद करा आणि किल्ली काढून खिशात ठेवा. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर टू-व्हील ड्राइव्हवर आणा.

२. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेक पुढे सोडावा लागणार असल्याने गाडी फक्त या ठोकळ्यांवर थांबणार आहे. दगडाचे तुकडे चालणार नाहीत.

३. जॅकने मागची बाजू उचला आणि ॲक्सलच्या दोन्ही नळ्यांखाली जॅक स्टँड ठेवा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून तिच्याखाली जाऊ नये.

४. हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. एक चाक हाताने पुढे फिरवा आणि मदतनिसाला दुसरे चाक पाहायला सांगा.

दुसरे चाक त्याच दिशेने फिरले, तर प्रीलोड असलेला एलएसडी आहे आणि प्रीलोड शिल्लक आहे. उलट दिशेने फिरले, तर डिफरन्शियल ओपन आहे, किंवा मेकॅनिकल लॉकिंगचा आहे, किंवा प्रीलोड नसलेला हेलिकल आहे, किंवा प्लेटा पार झिजलेल्या आहेत. उलट दिशा दिसली म्हणून ‘गाडीत एलएसडीच नाही’ असा निष्कर्ष काढणे ही फार मोठी चूक आहे. म्हणूनच टप्पा १ आधी ठेवला आहे.

५. आता गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका; ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. इंजिन बंदच ठेवा. पुन्हा एक चाक फिरवून पाहा. प्लेटांच्या चांगल्या एलएसडीत चाक हाताने हलत नाही किंवा फार जोर लावल्यावर थोडे सरकते. ते सहज फिरत असेल आणि टप्पा १ मध्ये प्लेटांचा प्रकार ठरला असेल, तर प्लेटा संपल्या आहेत असे समजावे.

टप्पा ४: प्रीलोड टॉर्क रेंचने मोजणे

हा टप्पा फक्त प्लेटांच्या प्रकारासाठी आहे. एक मागचे चाक जमिनीवर ठेवून दुसरे स्टँडवर घ्यावे, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला आणि उरलेल्या तिन्ही चाकांना ठोकळे लावलेले असावेत. उचललेल्या चाकाच्या हबवर अडॅप्टर बसवून टॉर्क रेंच, म्हणजे लावलेला टॉर्क दाखवणारा पाना, चाकाच्या बरोबर मध्यावर लावावा आणि सावकाश, सलग ओढावा. चाक पहिल्यांदा हलताना दिसणारा आकडा आणि ते फिरत राहत असताना दिसणारा आकडा, दोन्ही लिहून घ्यावेत. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये तुमच्या ॲक्सलसाठी दिलेल्या मर्यादेशी ते ताडून पाहावेत. दुसऱ्या गाडीचा आकडा इथे उपयोगाचा नाही, कारण प्रीलोड प्रत्येक ॲक्सलचा वेगळा असतो. फिरताना टॉर्क सलग न राहता झटके देत असेल, तर प्लेटा चिकटत आहेत. अशा वेळी प्लेटा बदलण्यापूर्वी तेल बदलून पाहावे. पुष्कळदा तेवढ्याने भागते.

टप्पा ५: तेल बदलणे

गॅरेजमध्ये ‘९० नंबर ऑइल’ म्हणून एकाच डब्यातून गिअरबॉक्समध्ये आणि डिफरन्शियलमध्ये तेल घालण्याची पद्धत अजूनही दिसते. मागच्या ॲक्सलमधील हायपॉइड, म्हणजे एकमेकांवर घासत फिरणाऱ्या वक्र दातांना सहसा एपीआय जीएल-५ दर्जाचे तेल लागते. ८०डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-९० हा फक्त त्याचा दाटपणा आहे, दर्जा नव्हे. डब्यावर दोन्ही वाचावेत.

प्लेटांच्या एलएसडीला याशिवाय फ्रिक्शन मॉडिफायर लागतो. तो नसेल तर हळू वळताना प्लेटा सरळ घसरण्याऐवजी चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात, आणि तोच कडकड आवाज मागच्या सीटपर्यंत ऐकू येतो. डब्यावर ‘एलएस’ असे छापले असेल तर मॉडिफायर आधीच मिसळलेला असतो. वरून आणखी ओतू नये. प्रमाण जास्त झाले तर प्लेटा इतक्या निसरड्या होतात की एलएसडी असून नसल्यासारखा होतो. हेलिकल प्रकाराला मॉडिफायरची गरज नाही. मेकॅनिकल लॉकिंग प्रकारात तो टाकल्याने लॉक लागण्यात अडथळा येऊ शकतो, म्हणून कंपनीने सांगितल्याखेरीज टाकू नये.

१. गाडी १० ते १५ किलोमीटर चालवून तेल कोमट करा. थंड तेलासोबत तळाचा गाळ निघत नाही.

२. गाडी खड्ड्यावर किंवा चारही बाजूंनी समतल उचललेल्या रॅम्पवर घ्या. फक्त मागची बाजू उंच ठेवली तर भरताना पातळी चुकते.

३. दोन्ही प्लगांभोवतीची माती तारेच्या ब्रशने काढा.

४. आधी वरचा फिलर प्लग सोडवा. तो गंजून अडकला असेल, तर जुने तेल आत असेपर्यंतच ते कळायला हवे. ड्रेन प्लग, म्हणजे तेल सोडण्याचे खालचे बूच, आधी उघडून तेल सोडले आणि फिलर प्लग उघडलाच नाही, तर गाडी तिथेच अडकून पडते. हा क्रम उलटा झाल्याची उदाहरणे इतकी आहेत की याची आठवण दर वेळी करून द्यावी लागते.

५. ड्रेन प्लग उघडा, तेल मोजमापाच्या भांड्यात धरा. काही ॲक्सलांना ड्रेन प्लग नसतो; तिथे पंपाने तेल ओढावे लागते किंवा मागचे कव्हर उघडावे लागते.

६. प्लगच्या चुंबकावर काय जमले आहे ते बोटांनी चोळून पाहा. राखाडी, मऊ, काजळासारखा लगदा हा नेहमीच्या झिजेचा असतो. बोटाला टोचणारी कीस किंवा दाताचा तुकडा निघाला, तर काम तिथेच थांबवून ॲक्सल उघडायला द्यावा.

७. तेलाचा रंग पाहा. दुधाळ झाले असेल तर आत पाणी गेले आहे. कोकणात पावसाळ्यात ओढ्यातून गाडी काढणाऱ्यांना हे नेहमी भोगावे लागते. तापलेला ॲक्सल एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (ॲक्सलमधली हवा आत-बाहेर करणारी वाट) बंद असेल तर सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. म्हणून ब्रीदरची नळी काढून फुंकून पाहावी. तो चोंदलेला असेल तर उलटही घडते: आतला दाब वाढून सीलमधून तेल चाकाकडे येते आणि ब्रेक शू भिजतात.

८. नवा वॉशर घालून ड्रेन प्लग सांगितलेल्या टॉर्कला आवळा. मॉडिफायर वेगळा टाकायचा असेल तर तो आधी ओता आणि मग तेल भरा. शेवटी ओतायला गेले तर जागा उरत नाही. फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल आले आणि बारीक धार वाहू लागली की थांबा. जितके निघाले त्यापेक्षा खूप जास्त मावले, तर आधी तेल कमी होते आणि गळती कुठे आहे हे शोधावे लागेल.

टप्पा ६: तेल प्लेटांपर्यंत पोहोचवणे

प्लेटांच्या मधले जुने तेल नुसते प्लग उघडून निघत नाही. मोकळ्या, सपाट जागी ताशी ५ ते १० किलोमीटर वेगाने स्टिअरिंग जवळजवळ पूर्ण वळवून इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या दहा-एक फेऱ्या घ्याव्यात. सुरुवातीच्या फेऱ्यांत थोडा आवाज येऊन पुढे कमी होत गेला तर सर्व ठीक आहे. कमी झालाच नाही, तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत थोडा मॉडिफायर वाढवून फेऱ्या पुन्हा घ्याव्यात. तरीही आवाज राहिला तर प्लेटांवरचा थर गेलेला असतो आणि तेल हा त्यावरचा उपाय राहत नाही.

पडताळणी: आवाज फक्त हळू आणि तीव्र वळणावर येत असेल तरच संशय प्लेटांवर घ्यावा. सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबताना सूर लागत असेल तर क्राऊन-पिनियन, म्हणजे इंजिनाकडून येणारा शाफ्ट डिफरन्शियलला जोडणारी गिअरांची जोडी, तपासावी. वेगाबरोबर वाढणारी घरघर बेअरिंगची असते. दुसऱ्या दिवशी गाडी थंड असताना प्लगांभोवती ओल आहे का हे पाहून तेलाची पातळी पुन्हा तपासावी.

टप्पा ७: चिखलात पायाचा वापर

मेकॅनिकल लॉकिंग प्रकारात नेमकी चूक अशी होते: चाक फिरू लागताच चालक घाबरून पाय उचलतो, पुन्हा दाबतो, पुन्हा उचलतो, आणि फरक १०० फेऱ्यांपर्यंत कधी पोहोचतच नाही. २५५/६५ आर१८ मापाच्या टायरला या फेऱ्या म्हणजे टायरच्या कडेचा ताशी सुमारे १५ किलोमीटर वेग. तेव्हा पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर हलक्या, स्थिर दाबाने धरून चाक सेकंदाला पावणेदोन फेऱ्यांच्या आसपास फिरू द्यावे. मागून ठक्क असा आवाज येऊन लॉक लागला की पाय न उचलता गाडी बाहेर काढावी. इंजिन जोरात रेस करून लॉक लावू नये, कारण तो जितक्या वेगाने लागतो तितका धक्का ॲक्सलच्या शाफ्टला बसतो.

हेलिकल प्रकारात चाक हवेत असेल, तर मागच्या चाकांवर चालणारा, हाताने ओढायचा हँडब्रेक थोडा ओढावा. त्याने प्रत्येक चाकाला १५० न्यूटन-मीटर अडथळा झाला असे धरू. हवेतले चाक १५० घेते, तिप्पट बायस असेल तर जमिनीवरच्या चाकाला ४५० मिळतात, त्यातले १५० ब्रेकमध्ये जातात आणि ३०० न्यूटन-मीटर गाडी ढकलायला उरतात. ओपन डिफरन्शियलमध्ये हीच युक्ती केली तर दोन्हीकडे १५० जातात आणि दोन्ही ब्रेकमध्येच संपतात. म्हणून ती तिथे चालत नाही. बटणाच्या इलेक्ट्रिक हँडब्रेकने हे करू नये.

इशारा: पावसात घाटाच्या उतारावर किंवा ओल्या वळणावर एलएसडी असलेली, मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी गाडी जोरात ॲक्सिलरेटर दिल्यास एका चाकाऐवजी दोन्ही चाकांवर एकदम घसरू शकते, आणि मग मागची बाजू बाहेर फेकली जाते. ओपन डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरले तरी दुसरे गाडीला आडवे सरकण्यापासून धरून ठेवते. इथे तो आधार मिळत नाही. वळण पूर्ण होऊन स्टिअरिंग सरळ होईपर्यंत ॲक्सिलरेटर वाढवू नये.

ओढ्यात ॲक्सल बुडाला असेल तर पुढच्या ठरलेल्या सर्व्हिसची वाट पाहू नये. त्याच आठवड्यात फिलर प्लग उघडून बोट आत घालावे आणि तेल दुधाळ दिसले तर टप्पा ५ पुन्हा पहिल्यापासून करावा.